मोत्याचे सात प्रश्न

प्रवासास निघतांना मनुष्य घर कुलपाच्या स्वाधीन करतो, दागिने पेढीच्या स्वाधीन करतो आणि सज्जांतील तुळस शेजाऱ्यांच्या स्वाधीन करतो. या तिन्ही गोष्टींचें त्यास फारसें ओझें वाटत नाहीं. परंतु ज्याच्या घरीं कुत्रा आहे त्याच्यापुढें चौथा एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचें उत्तर कोणत्याही कुलपांत सांपडत नाहीं. आमच्या घरीं हा प्रश्न लागोपाठ तीन भाद्रपद उभा होता. या वार्षिकाच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असा मुका सोबती असेल. म्हणून आमच्या हातून काय चुकलें आणि पुढें तें कसें सुधारलें, हें येथें सरळपणें सांगावें असें मनांत आलें.

आमचा मोत्या कोणत्याही नामांकित जातीचा नव्हे. एका पावसाळ्यांत पनवेल स्थानकाबाहेर भिजून कुडकुडत बसलेलें तें पिल्लू माझ्या मुलीनें आपल्या दप्तरावरील कापडांत गुंडाळून घरीं आणलें. रंग पिवळसर, एक कान उभा व एक पडलेला, आणि डोळे असे कीं त्यांच्याकडे पाहून रागावणें कठीण. चार दिवसांसाठीं म्हणून आलेला हा पाहुणा घरचाच होऊन राहिला.

पूर्वीच्या काळीं असा प्रश्न फारसा पडत नसे. जुन्या पनवेलमधील वाड्यांत ओटी होती, पडवी होती, मागें परसूं होतें. घरचीं दहा माणसें गांवीं गेलीं तरी आजी किंवा एखादी आत्या मागें असावयाची, आणि कुत्र्यास वेळेवर भाकरी मिळावयाची. पुढें १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि कालांतरानें नवीन पनवेल, खांदा वसाहत, कळंबोली, कामोठें अशा वसाहती उभ्या राहिल्या. घरें दोन-तीन खोल्यांचीं झालीं, आणि सुटी लागली कीं सगळा मजलाच कुलपाआड जाऊं लागला. त्यामुळेंच आतां रस्त्यारस्त्यावर 'डॉग होस्टेल', 'पेट बोर्डिंग' अशा पाट्या दिसतात. मी त्यांस श्वान-वसतिगृह म्हणतों.

आमचें गांव सावंतवाडीजवळ. गणपतीस तेथें जाणें हा आमच्या घराण्याचा नेम. आईचें वय ऐंशीच्या पुढें गेलेलें; वर्षांतून एकदां सारीं मुलें-नातवंडें एका पंक्तीस बसलेलीं पाहावीं, एवढीच तिची इच्छा. मोत्यास बरोबर न्यावें तर आगगाडींत कुत्र्यासाठीं पहिल्या वर्गांतील एक सबंध खोली आपल्या नांवें राखून ठेवावी लागते. नाहीं तर गार्डाच्या डब्यांतील पेटींत त्यास एकट्यास बंद करावें लागतें. गणेशोत्सवांत कोंकणच्या गाडींत बसावयास जागा मिळाली तरी भाग्य समजावयाचें. मग सबंध खोली कोठून मिळणार? आणि रात्रभर त्या अंधाऱ्या पेटींत त्यास कोंडण्याचें धैर्य आमच्यापैकीं कोणासही झालें नाहीं.

सन २०२२ च्या गणपतीस आम्हीं त्यास प्रथम वसतिगृहांत ठेवलें. त्या ठिकाणचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. गुळगुळीत फरशी, भिंतीवर कुत्र्यांचीं रंगीत चित्रें, गार हवा, आणि दाराशीं हंसतमुख माणूस. मीं पंधरा मिनिटांत पैसे दिले, मोत्याची दोरी त्याच्या हातीं दिली आणि गाडी पकडावयास धांवलों. आंतील खोल्या मीं पाहिल्या नाहींत. त्यानें लसींचीं कागदपत्रें मागितलीं नाहींत, आणि मीही तीं दाखविलीं नाहींत. लवकर काम झालें याचा उलट मला आनंदच वाटला.

आम्ही परत आल्यावर मोत्या ठीक दिसला. परंतु दुसऱ्या आठवड्यांत त्यानें जेवण सोडलें. अंग तापलें, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवीचा रंग गडद झाला. पशुवैद्यांनीं रक्त तपासलें तेव्हां तांबड्या पेशींत बाबेसिया नांवाचे सूक्ष्म जीव आढळले. हा गोचिडांपासून होणारा ताप. दोन रात्री तो जगतो कीं नाहीं याची शाश्वती नव्हती. माझा मुलगा त्याच्या जवळून उठावयास तयार नव्हता. औषधाला गुण आला व मोत्या वांचला. परंतु तो उभा राहूं लागेपर्यंत महिना गेला.

डॉक्टरांनीं मला गोचिडाची रीत समजावून सांगितली. कुत्र्याच्या अंगावर वाढणारी तपकिरी गोचीड सारा काळ त्याच्या अंगावरच राहते असें नाहीं. रक्त पिऊन फुगली कीं ती खालीं पडते, भिंतीवर चढते आणि फटींत, छताच्या कोपऱ्यांत दडून बसते. एक मादी हजारों अंडीं घालते. भुकेल्या गोचिडी महिनेच्या महिने न खातां वाट पाहूं शकतात. तेव्हां जेथें अनेक कुत्रे येतात-जातात, तेथें फरशी किती चकाकते हें पाहण्यापेक्षां भिंतीच्या फटी पाहणें अधिक महत्त्वाचें. ती गोचीड त्या वसतिगृहांतीलच होती, असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. आमच्या जिन्याखालींही ती असूं शकेल. परंतु मीं पाहिलें नाहीं व विचारलें नाहीं, एवढें मात्र मी शपथेवर सांगूं शकतों. दोष द्यावयाचा तर त्याचा आरंभ माझ्यापासूनच करावा लागेल.

सन २०२३ सालीं मी गांवीं गेलोंच नाहीं. पत्नी व मुलें गेलीं. मी मोत्याजवळ राहिलों. आरतीच्या वेळीं आईनें दूरध्वनि केला. तिच्या बोलण्यांत राग नव्हता. ती एवढेंच म्हणाली, "कुत्र्याला सोडून येऊं नको हो. पण मला आतां डोळ्यांनीं कमी दिसतें. पुढल्या वर्षीं दिसेल तोंवर येऊन जा." त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. एका मुक्या जिवाशीं प्रामाणिक राहण्यासाठीं मी दुसऱ्या, बोलक्या परंतु कांहीं न मागणाऱ्या जिवास दुखविलें होतें. तेव्हां मनाशीं ठरविलें कीं या दोघांपैकीं एकाची निवड करणें हा मार्गच नव्हे. दोघांचेंही करावयाचें, आणि त्यासाठीं अगोदर कष्ट घ्यावयाचे.

आमच्या इमारतींतील एका गृहस्थांनीं सोपा उपाय सुचविला. "गांवठीच तो. आठ दिवस गल्लींत सोडा. परत आलांत कीं दाराशीं बसलेला असेल!" त्यांच्या मनांत दुष्टपणा नव्हता. परंतु जो उपाशीं अथवा तहानेला राहील अशा स्थितींत पाळलेल्या प्राण्यास सोडून देणें, हा १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी आपल्याकडे धर्मराजाची कथा आहे. स्वर्गाच्या दारांतून आंत जाण्याची परवानगी मिळाली असतां, मागें चालत आलेल्या कुत्र्यास बाहेर ठेवून एकट्यानें जाण्याचें त्यानें नाकारलें. आम्ही कांहीं धर्मराज नव्हे. आम्हांला फक्त आठ दिवस सावंतवाडीस जावयाचें होतें. परंतु तेवढ्यासाठीं त्यास वाऱ्यावर सोडणें आमच्यानें झालें नसतें.

दुसरे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "कुत्र्यास पैसे देऊन राहावयास ठेवणें हें कसलें नवें खूळ!" वस्तुतः प्राण्यांच्या सांभाळासाठीं जागा व पैसा राखून ठेवण्याची रीत आपल्या प्रांतांत जुनी आहे. १८३२ सालीं मुंबईंत सरकारी हुकुमानें मोकाट कुत्रे मारले जाऊं लागले तेव्हां पारशी समाजानें मोठा विरोध केला. इतर समाजांतील लोकही त्यांस मिळाले, दुकानें बंद झालीं व दंगल उसळली. त्यानंतर १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईंत पांजरपोळ सुरू झाली. तेथें धर्मादायाचा पैसा होता, येथें मालकाचा आहे. परंतु दोहोंच्या मुळाशीं असलेली गोष्ट एकच. जो आपलें दुःख बोलून दाखवूं शकत नाहीं, त्याच्या वतीनें कोणीतरी बोलावें लागतें.

हें बोलण्याचें काम माझ्या मुलानें अंगावर घेतलें. सन २०२४ च्या जुलै महिन्यांतच आम्हीं शोध आरंभिला. पहिल्याच दिवशीं त्यानें मला विचारलें, "बाबा, मोत्याला बोलतां येत असतें, तर तिथल्या माणसाला त्यानें काय विचारलें असतें?" मला उत्तर सुचलें नाहीं. सायंकाळीं त्यानें आपली वही माझ्यापुढें ठेवली. तींत मोत्याच्या नांवानें सात प्रश्न लिहिलेले होते:

१. रात्रीं माझ्याजवळ कोण असेल?
२. मी जेवलों नाहीं तर तें कोणाला कळेल?
३. माझ्या शेजारीं कोण राहील, आणि तो आजारी तर नाहीं ना?
४. पुष्कळ पाऊस आला तर?
५. मी घाबरून पळालों तर?
६. मला बरें वाटलें नाहीं तर कोठें न्याल?
७. हे लोक मला न्यायला परत येतील ना?

शेवटचा प्रश्न वाचून मी कांहीं वेळ गप्प राहिलों. पहिले सहा प्रश्न मात्र घेऊन आम्ही दोघे बाहेर पडलों.

पहिलें ठिकाण मोठें देखणें होतें. परंतु आंतील खोल्या पाहूं द्या म्हटल्यावर उत्तर मिळालें कीं, पाहुणे आल्यानें कुत्रे बिथरतात. हें कारण कधीं कधीं खरेंही असतें. परंतु खिडकींतून अथवा दुरून दाखवावयास काय हरकत? रात्रीं कोण असतें, असें विचारलें तेव्हां कळलें कीं रात्रीं कॅमेरे असतात. मुलगा हळूच म्हणाला, "कॅमेरा उठून पाणी देईल का?" आम्हीं नमस्कार केला व निघालों.

दुसऱ्या ठिकाणीं एक बाई आपल्या राहत्या घरांत चार-पांच कुत्रे ठेवीत. त्यांची माया पाहून आमचें मन भरून आलें. कुत्रे त्यांच्या पदरास लोंबकळत होते. परंतु घराचें दार उघडलें कीं थेट जिना, व जिना उतरला कीं हमरस्ता. मोत्यास ढोलाचें व फटाक्यांचें मोठें भय. मनुष्यास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो. कुत्र्यास ४०,००० हून अधिक कंपनांचाही येतो. विसर्जनाच्या मिरवणुका गाढी नदीकडे निघाल्या म्हणजे त्या दणदणाटांत, दार उघडें दिसतांच तो पळाला असता. माया होती, पण एक दार कमी होतें. अडचण सांगतांच त्या बाईंनींही ती मोकळेपणानें मान्य केली. त्यांच्याविषयीं माझ्या मनांत आदरच आहे.

तिसरें ठिकाण नेरें गांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, थोड्या उंचवट्यावर. कौलारू छप्पर, साध्या चुन्याच्या भिंती, भोंवतीं तारेचें कुंपण. शोभा म्हणावी अशी तेथें कांहींच नव्हती. आम्ही न कळवितां गेलों होतों. मालक हातांत झाडू घेऊन नाली धूत होते. त्यांनीं आम्हांस थांबावयास सांगितलें, हात धुतले, आणि आम्हीं विचारण्यापूर्वीं तेच विचारूं लागले: वय किती, काय खातो, कशाला भितो, पूर्वीं कोणता आजार झाला, कोणत्या डॉक्टरांकडे नेतां, लसी केव्हां टोंचल्या. मीं कागद पुढें केले. रेबीजची लस वेळेवर दिलेली होती. परंतु लेप्टोस्पायरोसिसच्या लसीची मुदत टळून गेली होती. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून हा रोग पसरतो, तो पावसाळ्यांत फार बळावतो, आणि कुत्र्यांपासून माणसांसही होऊं शकतो. मालक शांतपणें म्हणाले, "साहेब, असा मी त्याला घेणार नाहीं. लस टोंचून घ्या, दोन आठवडे जाऊं द्या, मग आणा. माझ्याकडे दुसऱ्यांचेही जीव आहेत."

आम्हीं एवढी खटपट करून शोधलेल्या जागीं आम्हांलाच नकार मिळाला! क्षणभर मला राग आला. परंतु रस्त्यानें परततांना मुलगा म्हणाला, "बाबा, हेच." आणि मलाही तें पटलें. जो आपला कुत्रा दुसऱ्यांसाठीं नाकारतो, तोच उद्यां दुसऱ्याचा कुत्रा आपल्यासाठीं नाकारील. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्यानें तोंडानें नव्हे, कृतीनें दिलें होतें.

दोन आठवड्यांनंतर बाकीचीं उत्तरें मिळालीं. मालक रात्रीं त्याच छपराखालीं खाट टाकून निजत. कोणी किती खाल्लें हें फळ्यावर खडूनें लिहीत. दोन फाटकें होतीं, आणि एक लावल्याशिवाय दुसरें उघडावयाचें नाहीं असा नेम होता. भिंतींच्या फटी सिमेंटनें बुजविलेल्या होत्या. पुराविषयीं विचारतां त्यांनीं २६ जुलै २००५ ची आठवण काढली. त्या दिवसाच्या अतिवृष्टींत मुंबईस सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. "म्हणूनच खालची सपाट जागा स्वस्त मिळत असतांना वर चढलों," असें ते म्हणाले. पशुवैद्यांचें नांव व पत्ता दारावर टांगलेला होता. शेवटीं त्यांनीं आमच्याकडे दोन वस्तु मागितल्या: मोत्याचें रोजचें अन्न, कारण एकाएकीं अन्न बदललें कीं पोट बिघडतें, आणि घरांतील कोणाचें तरी न धुतलेलें एक जुनें वस्त्र, कारण घराचा वास जवळ असला कीं झोंप लागते. ऑगस्टमध्यें एक रात्र मोत्यास तेथें राहूं दिलें. दुसऱ्या दिवशीं तो शेपूट हालवीत परत आला. तेव्हां गणपतीचीं तिकिटें काढलीं.

आपल्या शाळेंत उत्तम मेंढपाळाचा दृष्टान्त अनेकदां ऐकावयास मिळतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायांत तो आहे. लांडगा आला म्हणजे मोलकरी पळून जातो, कारण मेंढरें त्याचीं नसतात. मेंढपाळ मात्र राहतो. लहानपणीं मला वाटे कीं जो पैसे घेऊन काम करतो तो मोलकरी व जो पैसे घेत नाहीं तो मेंढपाळ. आतां तसें वाटत नाहीं. त्या गृहस्थांनीं आमच्याकडून पैसे घेतले, आणि ते घेणें रास्तच होतें. परंतु आम्ही गांवीं पोहोंचल्यावर दुसऱ्या रात्रीं त्यांनीं आपण होऊन कळविलें कीं मोत्यानें दोन वेळां अन्नास तोंड लावलेलें नाहीं. ताप नाहीं, हिरड्या लाल आहेत. घराच्या आठवणीनें असावें. मी त्याच्याजवळ बसतों. सकाळीं पुन्हां निरोप आला कीं मध्यरात्रीनंतर त्यानें हातानें भरविलेला थोडा दहीभात खाल्ला. पैसे घेण्यानें मनुष्य मोलकरी होत नाहीं. मध्यरात्रीं उठावयाचें असतां जो उठत नाहीं तो मोलकरी. आणि उलटपक्षीं, मालक म्हणविणारा मी २०२२ सालीं पंधरा मिनिटांत मोकळा झालों, तेव्हां मी कोण होतों?

त्या वर्षीं आईच्या शेजारीं बसून मीं आरती म्हटली. तिनें माझ्या चेहऱ्यावरून हात फिरविला. डोळ्यांनीं आतां तिला फारच थोडें दिसत होतें. मग तिनें विचारलें, "त्याची सोय नीट केलीस ना?" मीं तिला दहीभाताची हकीकत सांगितली. ती हंसली व म्हणाली, "मग जेव आतां स्वस्थपणें."

परतल्यावर आम्ही स्थानकावरून घरीं न जातां सामानासकट थेट नेऱ्याच्या रस्त्याला लागलों. मोत्या थोडा वाळला होता. परंतु अंगावर एकही गोचीड नव्हती, व डोळे स्वच्छ होते. आम्हांला पाहून त्यानें जो गोंधळ घातला त्याचें वर्णन करीत नाहीं. ज्यांच्या घरीं कुत्रा आहे त्यांस तें ठाऊक आहे. रिक्षांत चढण्यापूर्वीं मात्र तो एकदां थांबला, मागें वळला, आणि फाटकापाशीं उभ्या असलेल्या त्या गृहस्थांकडे त्यानें क्षणभर पाहिलें. मला तेवढें प्रमाणपत्र पुरेसें वाटलें.

त्या रात्रीं मुलानें वहींतील सातव्या प्रश्नापुढें बरोबरची खूण केली. पहिल्या सहा प्रश्नांचीं उत्तरें इतरांकडून मिळवावयाचीं होतीं. सातव्याचें उत्तर फक्त आम्हांलाच देतां येण्यासारखें होतें, तें आम्हीं दिलें.

बालमित्रांनो, येत्या सुटींत तुमच्याही घरीं हा प्रश्न निघेल. वडील मंडळी कामांत असतील. तेव्हां वही तुम्ही हातीं घ्या. दोन महिने अगोदर निघा, न कळवितां जाऊन पाहा, फटी पाहा, दारें मोजा, रात्रीं कोण असतें तें विचारा, आणि एक रात्र ठेवून बघा. कोणी तुमची परीक्षा घेऊं लागला तर रागावूं नका. त्याच्याच हातीं दोरी द्या. ज्याला विचारतां येत नाहीं, त्याच्यासाठीं विचारणें हें प्रेमाचें पहिलें काम आहे.